कीटोकोनाझोल शाम्पू: सात महिन्यांनंतर

कित्येक वर्षं मी काळा शर्ट घातला नव्हता. कारण सांगायला नको: डोक्यातला कोंडा. सात महिन्यांपूर्वी त्वचारोगतज्ज्ञांनी २ टक्के कीटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू लिहून दिला: आठवड्यातून दोनदा, चार आठवडे.

पहिले दोन आठवडे ढिम्म फरक नाही. चूक माझीच. फेस आला की मी लगेच धुऊन मोकळा होत होतो. हे औषध केसांना नाही, डोक्याच्या त्वचेला चोळायचं आणि ३ ते ५ मिनिटं तसंच ठेवायचं. (डोळे मिटून नुसतं उभं राहिलं की पाच मिनिटं संपता संपत नाहीत.) तसं करू लागलो आणि चौथ्या आठवड्याअखेर खाज थांबली, पापुद्रेही जवळजवळ गेले.

कोंडा गेला म्हणून शाम्पू बंद केला. दीड महिन्यात तो परत हजर! मग मुळाशी गेलो. मालासेझिया नावाचं यीस्ट (एक सूक्ष्म बुरशी) जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर असतं. मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्येच कोंड्याशी त्याचा संबंध जोडला होता. २००७ मध्ये त्यातल्या ग्लोबोसा जातीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा मेदाम्लं बनवणारं जनुकच तिच्याकडे नसल्याचं दिसलं. म्हणून ते आपल्या त्वचेच्या तेलावर जगतं. तेल फोडताना ओलेइक आम्ल उरतं, काहींच्या त्वचेला ते सोसत नाही, आणि पेशी पिकायच्या आतच गठ्ठ्याने गळतात. तोच कोंडा.

मी मात्र इतकी वर्षं ‘त्वचा कोरडी पडलीय’ म्हणून रात्री तेल चोपडत होतो. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायला ऑलिव्ह तेल वापरतात हे वाचल्यावर कपाळावर हात मारला.

कीटोकोनाझोल या यीस्टच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाही. संख्या घटते, पण यीस्ट कायमचं हटत नाही. ते तिथलंच रहिवासी. म्हणून आता दर दोन आठवड्यांनी एकदा लावतो, मधल्या दिवसांत साधा शाम्पू. गेले चार महिने कोंडा फिरकलेला नाही.

तक्रारी? केस राठ होतात, टोकांना कंडिशनर लागतोच. वासही औषधी. आणि ‘३ ते ५ मिनिटं’ ही सूचना बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलीय. पाचातला एक तारा त्यासाठीच कापला.