नेशनस्टेट्स: अकरा महिने एक राष्ट्र सांभाळल्यावर

मी सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाला आहे. सकाळी काटा, गाड्या भरणं, शेतकऱ्यांचे फोन, भावावरून होणारी घासाघीस. रात्री जेवणं आटोपली की तासभर माझा असतो, आणि गेले अकरा महिने तो तास नेशनस्टेट्सला जातोय. एवढे दिवस खेळून झाल्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण मराठीत या खेळाबद्दल वाचायला मला काहीच सापडलं नव्हतं.

आधी थोडक्यात ओळख. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकानं १३ नोव्हेंबर २००२ रोजी हा खेळ सुरू केला, स्वतःच्या येणाऱ्या कादंबरीची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून. ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे. पानं जवळपास सगळी मजकुराचीच, त्यामुळे आमच्याकडे रेंजची एकच काडी असली तरी उघडतो. तुम्ही एक राष्ट्र काढायचं, त्याला नाव, झेंडा, चलन, राष्ट्रीय प्राणी द्यायचा. माझ्या राष्ट्राचा प्राणी म्हैस आणि चलन ‘घड’. मग रोज समोर प्रश्न येतात: अमुक कायदा करायचा का, तमुक कर लावायचा का. तुम्ही जे निवडाल त्यावर नागरी स्वातंत्र्य, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य वरखाली होतं. पहिला महिना मी एवढंच खेळले आणि मजा आली. पण खरा खेळ तो नाही.

खरा खेळ इतर राष्ट्रांशी असलेल्या संबंधांचा आहे. आणि इथं युद्धाचं बटणच नाही. तोफा, विमानं, रणगाडे काही नाही. कोणी तुमच्या राष्ट्राचा केसही वाकडा करू शकत नाही. घेता येतो तो फक्त रीजन, म्हणजे राष्ट्रांचा समूह. प्रत्येक रीजनचा एक डेलिगेट असतो. वर्ल्ड असेंब्लीचे सभासद असलेली त्या रीजनमधली राष्ट्रं एकमेकांना एन्डॉर्समेंट म्हणजे पाठिंबा देतात. ज्याच्या मागे सर्वांत जास्त पाठिंबा, तो डेलिगेट. एका माणसानं कितीही राष्ट्रं काढावीत, पण असेंब्लीत एका वेळी एकच ठेवायचं. हा नियम कडक पाळला जातो आणि सगळं राजकारण त्याच्यावरच उभं आहे: इथं माणूस मोजला जातो. (या असेंब्लीचं नाव पूर्वी संयुक्त राष्ट्र असंच होतं. खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून नोटीस आली आणि २००८ मध्ये ते बदलावं लागलं.)

पाठिंब्याची मोजणी दिवसातून दोनदा होते, तिला अपडेट म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की मोठं अपडेट, दुपारी बाराला छोटं. आपल्या घड्याळात तिकडच्या उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ आणि रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. सगळे रीजन एकदम मोजले जात नाहीत, ओळीनं एकेक येतो. म्हणून परकी टोळी नेमक्या त्या क्षणाच्या आधी काही सेकंद आत शिरली, आपल्या माणसाला पाठिंबा दिला आणि तिची डोकी जास्त भरली, की रीजन तिच्या ताब्यात. असं करणारे ते रेडर. त्यांना अडवणारे किंवा गेलेला रीजन सोडवून आणणारे ते डिफेंडर. या दोघांचं वैर खेळात कित्येक वर्षांचं जुनं आहे.

आमचा रीजन लहान. फैजपूरच्या माझ्या एका मित्रानं काढला, तोच गव्हर्नर, म्हणजे रीजनची सूत्रं त्याच्याकडे. सोबत शिरपूर, अमळनेर, चाळीसगावचे काही जण, काही पुण्या-सुरतेला नोकरीला गेलेले. सगळे मिळून अठरा राष्ट्रं, त्यातले असेंब्लीत सात. डेलिगेट मी, म्हणजे माझ्या मागे सहा पाठिंबे. रीजनच्या दर्शनी पानावर मित्रानं मनापासून मजकूर लिहिला होता: तापी, गिरणा, वाघूर, कळण्याची भाकरी आणि भरीत, आणि १९३६ साली फैजपूरला भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. ते इंग्रजीत होतं, त्यामुळे परदेशी खेळाडू वाचून प्रश्न विचारायचे. एकीनं भरताची कृती मागितली होती. मी दिली, हिरव्या मिरच्यांच्या ठेच्यासकट.

आमचं पहिलं भांडण झालं ते एका मोठ्या रीजनशी. आमच्याकडे नवं राष्ट्र आलं की दोन दिवसांत त्याला त्यांचा भरतीचा टेलिग्राम जायचा. टेलिग्राम म्हणजे खेळातलं पत्र. तीन नवे सभासद असे गेले. आमच्या एका भावानं रागाच्या भरात त्यांच्या रीजनच्या निरोपांच्या फलकावर जाऊन वाटेल ते लिहिलं. त्यांनी आमचा दूतावास, म्हणजे दोन रीजनमधला अधिकृत संबंध, बंद केला. महिनाभर बोलणं नाही.

मग मी एक पत्र लिहिलं. आमच्याकडे दोन घरांत बांधावरून वाद झाला की कोणीतरी आधी जाऊन ओट्यावर बसतं, पाणी मागतं, मग बोलतं. मी तसंच केलं. तक्रार शेवटी ठेवली. आधी सांगितलं की आमच्या माणसानं जे लिहिलं ते चुकलं, आम्ही त्याच्याशी बोललो, तो स्वतः माफी मागेल. मग आमच्या तीन सभासदांची गोष्ट तारखांसकट मांडली. त्यांच्या परराष्ट्रमंत्र्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांच्याकडून भरतीचे टेलिग्राम यंत्रानं जात होते, आमच्याकडचं राष्ट्र की दुसरीकडचं हे कोणी बघत नव्हतं. त्यांनी आमचं नाव यादीतून काढलं. दूतावास उभा राहायला खेळात तीन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी तो उघडला आणि त्यांनी पहिला निरोप भरताबद्दल टाकला. करार दोनच ओळींचा झाला: एकमेकांची माणसं पळवायची नाहीत, आणि काही करायचं असेल तर आधी कळवायचं.

दुसऱ्या ओळीची किंमत आम्हाला ऑक्टोबरमध्ये कळली.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रावेर-यावल पट्ट्यात नव्या लागवडीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला होता. ज्यांची केळी आहे त्यांना सांगायला नको: पानं पिवळी पडतात, कोंब सडतो, रोप उपटून जाळण्याशिवाय इलाज नाही. माझ्या मित्राची निम्मी बाग गेली. त्या महिन्यात त्याला खेळ कुठून आठवणार? इथं अठ्ठावीस दिवस कोणी फिरकलं नाही तर राष्ट्र संपतं. सुट्टीची सोय लावली असेल तर साठ दिवस मिळतात, पण ती त्यानं लावली नव्हती. उत्तराधिकारीही नेमला नव्हता. त्याचं राष्ट्र संपलं आणि आमचा रीजन बिनगव्हर्नरचा झाला. आता सूत्रं डेलिगेटकडे, म्हणजे जो कोणी सातवा पाठिंबा आणेल त्याच्याकडे. रेडर अशा रीजनवर नजर ठेवूनच असतात.

एका सकाळी गाड्या भरायची घाई होती, फोन दप्तरात. दुपारी डबा खाताना उघडलं तर झेंडा दुसराच. दर्शनी पानावरचा सगळा मजकूर पुसलेला, त्या जागी रेडरांचं नाव आणि एक ओळ. दूतावास बंद करायला घेतलेले. माझा घास हातातच राहिला. आमची सगळ्यात नवी दोन राष्ट्रं हाकलून दिलेली. जुन्यांना ते हात लावू शकले नाहीत, कारण कोणाला हाकलायचं तर खेळात जमवलेलं वजन खर्च होतं. समोरचा जितका जुना तितकं जास्त लागतं, आणि नुकत्याच आलेल्याकडे ते फारसं नसतं.

त्यांच्या डेलिगेटमागे अकरा पाठिंबे, माझ्यामागे सहा. मी त्याच बाकावर बसून ज्या मोठ्या रीजनशी करार झाला होता त्याच्या मंत्र्याला चार ओळी लिहिल्या. तासाभरात उत्तर: रात्री येतो, तुमचे सहा जण जागचे हलू देऊ नका, फलकावर काहीही जाहीर करू नका. आमच्या लोकांना फलकावरूनच कळवायचं होतं, तर मी रोमन अक्षरांत अहिराणीत लिहिलं: ‘साडेनऊले समदा या रे भो.’ पाहुण्यांपैकी कोणी त्यावर काही विचारलं नाही.

रात्री लाईट नव्हती. ओट्यावर मोबाईल घेऊन बसले, आई आत कंदिलाच्या उजेडात भांडी आवरत होती. साडेनऊला अपडेट सुरू झालं. आमचा क्रम साधारण पंचवीस मिनिटांनी येतो, पण खेळानं मुद्दाम थोडी अनिश्चितता ठेवली आहे, सेकंदाचा भरवसा नाही. घडामोडींची यादी मी पुन्हा पुन्हा ताजी करत होते. नऊ त्रेपन्न, काही नाही. नऊ चोपन्न, काही नाही. मग एका दमात नऊ ओळी: अमुक राष्ट्र आलं, तमुक राष्ट्र आलं. लगेच पुढच्या ओळी माझ्या नावाच्या, एकामागून एक पाठिंबे. मध्येच त्यांच्या डेलिगेटनं एकाला बाहेर फेकलं, तो थेट रिजेक्टेड रेल्म्समध्ये, जिथं हाकललेली सगळी राष्ट्रं जाऊन पडतात. आठ उरले. आठ आणि सहा चौदा. पुढच्या वेळी पान ताजं केलं तर डेलिगेट म्हणून माझं नाव होतं. मी जोरात ओरडले, आई पदर खोचत बाहेर आली. तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘मग त्या नऊ जणांना काय दिलंस?’

हा प्रश्न पुढं खरा ठरला. दोन आठवड्यांनी त्याच मित्र रीजननं एक मत मागितलं. वर्ल्ड असेंब्लीच्या सुरक्षा परिषदेत कोणाचं कौतुक करता येतं, निषेध करता येतो, कुलूपबंद रीजन खुला करता येतो. २००९ पासूनची ही सोय. ठरावावर चार दिवस मतदान चालतं आणि डेलिगेटच्या मताला त्याच्या पाठिंब्यांइतकी जादा किंमत असते. त्यांना एका जुन्या वैऱ्याचा निषेध हवा होता. ठराव मी तीनदा वाचला. त्यातल्या अर्ध्या आरोपांना आधार दिसला नाही, आणि त्या वैऱ्यानं आमचं काही वाकडं केलं नव्हतं. उपकार डोक्यावर होता. आमच्यात दोन दिवस वाद झाला. अमळनेरचा भाऊ म्हणाला, ज्यांनी घर सोडवलं त्यांना नाही म्हणायचं नसतं. शिरपूरची ताई म्हणाली, आज हे दिलं तर उद्या आपलं मत त्यांच्या खिशात. मी मतदान सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच मंत्र्याला कळवलं की आम्ही तटस्थ राहू, आणि का ते मुद्द्यांनी लिहिलं. तो नाराज झाला. तीन आठवडे पत्रं तुटक येत राहिली. पण दूतावास बंद झाला नाही, आणि जानेवारीत त्यानंच एका ठरावाचा मसुदा आम्हाला आधी वाचायला पाठवला. आधी कळवलं होतं म्हणून हे टिकलं, असं मला ठाम वाटतं. मतदान संपल्यावर तेच कारण सांगितलं असतं तर त्याला कोणी विचारलं नसतं.

दोष आहेतच. सगळं इंग्रजीत, आणि प्रश्नांमधला शाब्दिक खेळ कळायला इंग्रजी बऱ्यापैकी यावं लागतं. आमच्यातल्या दोघांनी त्याच कारणानं सोडलं. दुसरं, महत्त्वाची बोलणी हल्ली डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर होतात, तीही आपल्या मध्यरात्रीनंतर. सकाळी सहाला उठणाऱ्याला ती झेपत नाहीत, मी फक्त टेलिग्रामवर भागवते. सुरुवातीला भरतीच्या पत्रांचा पूर येतो, सेटिंगमध्ये जाऊन तो रोखता येतो. पैसे भरायची गरज मला अकरा महिन्यांत पडली नाही.

ज्याला रोज काहीतरी जिंकायचं आहे त्यानं हा खेळ घेऊ नये. आठवडाभर काही घडत नाही, मग वीस सेकंदांत सगळं घडतं. ज्याला माणसं वाचायला, पत्र लिहायला आवडतं त्यानं जरूर खेळावा, आणि शक्यतो आपल्या भागातली सात-आठ माणसं धरून.

माझा मित्र डिसेंबरमध्ये नव्या राष्ट्रासह परत आला. दर्शनी पानाचा मूळ मजकूर त्याच्याकडे नव्हता, तो माझ्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सापडला, शेवटची ओळ तुटलेली. वाघूर नदीनंतरचं त्यानं पुन्हा लिहून काढलं. या वेळी उत्तराधिकारी नेमला आहे, शिरपूरची ताई. तुम्ही रीजन काढलात तर हे पहिल्याच आठवड्यात करा.