मायक्रोस्कोप विकत घ्यावा की विद्यार्थ्यांकडून बांधून घ्यावा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या महाविद्यालयात प्रकाशशास्त्राचा प्रात्यक्षिक कोर्स नव्याने आखायचा, तर मायक्रोस्कोपसाठी आज चार वाटा आहेत. हरियाणातल्या अंबाल्यात बनलेला तयार मायक्रोस्कोप, कागदी फोल्डस्कोप, थ्रीडी प्रिंटरवर छापायचा ओपनफ्लेक्शर, आणि ऑप्टिकल बेंचवर, म्हणजे भिंगं हवी तिथे सरकवून बसवता येतात अशा दांडीवर, सुटी भिंगं मांडून बांधायचा. माझं मत आधीच सांगून टाकतो: बेंच घ्या, आणि सोबत एक तयार मायक्रोस्कोप ठेवा.

फोल्डस्कोपचा निकाल लवकर लागतो. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेला हा घडीचा मायक्रोस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो. वीज लागत नाही, त्यामुळे भाट्याच्या खाडीवर उभं राहून प्लवक बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही. गणितही छान आहे: १.५२ अपवर्तनांकाची, २.४ मि.मी. व्यासाची काचेची गोळी घेतली की नाभीय अंतर १.७५ मि.मी.च्या आसपास येतं, आणि २५० ला (डोळ्याला स्पष्ट दिसण्याचं किमान अंतर, मि.मी.मध्ये) त्याने भागलं की १४० च्या जवळचा आकडा मिळतो. पण एकच भिंग, त्यामुळे एका तासिकेत विषय संपतो. एकेक प्रत प्रत्येकाच्या हातात द्या, कोर्स त्यावर उभा करू नका.

तयार मायक्रोस्कोपमध्ये सगळं जुळवलेलंच येतं. बॉटनी-झूऑलॉजीवाल्यांना तेच हवं असतं, कारण त्यांना आंब्याच्या मोहोरावरची भुरी बघायची असते, भिंगं नव्हे. फिजिक्सच्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र फक्त फोकसची चकती येते. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून नळीत डोकावलं तर ऑब्जेक्टिव्हचं (नमुन्याजवळच्या भिंगाचं) मागचं नाभीय प्रतल, म्हणजे समांतर किरण जिथे एकत्र येतात ती पातळी, दिसतं, पण तिथे फट किंवा अडसर घालायला जागा नसते. स्वस्त मॉडेलांत प्रकाशाच्या बाजूला फील्ड डायफ्रामही (उजेडाचं वर्तुळ लहान-मोठं करणारी झडप) नसतो, म्हणजे नमुन्यावर एकसारखा उजेड पाडणारी कोहलर पद्धतीची प्रकाशयोजना पुस्तकातच राहते.

ओपनफ्लेक्शरची रचना मला मनापासून आवडते. सरकणारे भाग टाळून प्लास्टिकचे पातळ पाय वाकवत नमुना हलवायचा, आणि तोही मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक पावलांनी! पण सेमिस्टरचा बराचसा वेळ छपाई, रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि पायथनच्या प्रोग्रॅमिंगमध्ये जातो, भिंगांच्या वाट्याला उरलेला येतो. शिवाय छपाईच्या पीएलए प्लास्टिकचा धागा हवेतलं पाणी ओढतो. जुलैत उघड्यावर ठेवलेल्या रिळातून छापलं तर बुडबुडे आणि तंतू आलेच. छपाई दिवाळीनंतर करा, आणि मे महिन्यात तयार भाग बंद गाडीत ठेवू नका. ६० अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं.

आता बेंच. सुरुवात २५ मि.मी. नाभीय अंतराच्या साध्या बहिर्गोल भिंगापासून करावी. प्रतिमेच्या कडांना निळी-तांबडी झालर येते. त्या जागी ॲक्रोमॅटिक डब्लेट (दोन वेगळ्या काचांचं जोडभिंग) लावलं की झालर जवळजवळ जाते. तेच डब्लेट उलटं फिरवलं की प्रतिमा पुन्हा धूसर होते. का, हे विचारायला शिक्षक लागत नाही, पोरं आपणहून भांडायला लागतात.

मग तयार मायक्रोस्कोपचं १० पटीचं ऑब्जेक्टिव्ह काढून बेंचवर आणायचं. १६० मि.मी. लांबीच्या नळीसाठी बनवलेल्या ऑब्जेक्टिव्हची प्रतिमा त्याच्या खांद्यापासून (नळीला टेकणाऱ्या कडेपासून) १५० मि.मी.वर पडते; तिथे भिंग काढलेल्या वेबकॅमचा सेन्सर ठेवला की झालं. आटे आंतरराष्ट्रीय मापाचे असतात, २०.३२ मि.मी. व्यास आणि इंचाला ३६ आटे. चांगल्या लेथवाल्याला मूळ ऑब्जेक्टिव्ह दाखवलं तर तो पितळेची कडी करून देऊ शकतो. पुढे इन्फिनिटी ऑब्जेक्टिव्ह (यातून किरण समांतर बाहेर पडतात) आणि ट्यूब लेन्स (ते किरण एकत्र आणून प्रतिमा बनवणारं भिंग) घेतली की दोघांमधलं अंतर कमी-जास्त करूनही प्रतिमेचा आकार तोच राहतो. त्या मोकळ्या जागेत फिल्टर किंवा पोलरॉइड (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी पट्टी) बसतं. दुसरं पोलरॉइड नमुन्याखाली ठेवून दोन्ही काटकोनात फिरवा आणि रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावरची वाळू ठेवा: शिंपल्यांचे तुकडे उजळतात, इल्मेनाइट या अपारदर्शक खनिजाचे कण काळेच राहतात.

खरा कस लागतो तो मायक्रोस्कोपला किती बारीक तपशील दिसू शकतो याची मर्यादा सांगणाऱ्या अर्न्स्ट आबेच्या १८७३ च्या सिद्धांतावर. खाडीच्या गाळात प्ल्युरोसिग्मा जातकुळीतले डायटम (काचेसारख्या कवचाचे सूक्ष्म शैवाल) मिळतात. तयार स्लाइड घ्यायची तर अँग्युलेटम ही जाती घ्या. तिच्या कवचावरच्या रेषांमधलं अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. हिरव्या प्रकाशात ०.२५ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हची मर्यादा १.१ मायक्रॉन, म्हणजे रेषा दिसणारच नाहीत, कितीही मोठं करा. ०.६५ एनएला ती ०.४२ मायक्रॉनवर येते आणि रेषा उमटतात. मग कंडेन्सरचं (नमुन्याखालून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचं) छिद्र बंद करत न्या: मर्यादा ०.८५ कडे सरकते आणि रेषा विरतात. एवढं तयार मायक्रोस्कोपवरही जमेल. पण जाळीचा नमुना ठेवून ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या नाभीय प्रतलातले विवर्तनाचे (जाळीतून प्रकाश फाकून पडणारे) ठिपके अडवायचे, आणि प्रतिमेतल्या रेषा नाहीशा किंवा दुप्पट झालेल्या बघायच्या, हे बेंचशिवाय नाही.

किमतीचा हिशोब सगळेच करतात, बुरशीचा कोणी करत नाही. कोकणच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते आणि भिंगाचा लेप खाते; डाग मग पुसून जात नाहीत. दोन डोळ्यांच्या मायक्रोस्कोपमध्ये ती आतल्या प्रिझमवर बसते, जिथे आपला हात पोचत नाही. म्हणून तयार घ्यायचा तो एका डोळ्याचा, सरळ नळीचा. बेंचची भिंगं मात्र संध्याकाळी सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात जातात, कुरडया जपतात तशी. खारी हवा साध्या लोखंडाच्या दांड्यांना महिन्याभरात गंज चढवते, तेव्हा ऑर्डर देताना ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील असं लिहूनच द्या.

विभागात एकच शिक्षक असेल आणि लॅब असिस्टंटची जागा रिकामी असेल, तर पहिल्या वर्षी बेंच एकच मांडा आणि गटागटाने आळीपाळीने वापरा. आणि कॉम्प्युटर सायन्सचे विद्यार्थी उत्साही असतील तर ओपनफ्लेक्शर त्यांना प्रोजेक्ट म्हणून द्या. ऑब्जेक्टिव्ह तुमच्याकडचंच चालेल.