ई-रीडर, आठ महिन्यांनंतर: बाजाराची टर उडवणारी कादंबरी, बाजाराच्याच यंत्रावर

ई-रीडर म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. माझं सहा इंची आहे. वजन १६० ग्रॅमच्या आसपास, साठवण १६ जीबी, पडदा इंचाला ३०० ठिपक्यांचा. ऑक्टोबर ते मे, म्हणजे आठ महिने, परभणीच्या हवेत रोजचा वापर आहे. घ्यायचं कारण एकच. माणसाचं नुसतं गिऱ्हाईक करून सोडणाऱ्या उद्याच्या जगाची टर उडवणाऱ्या कादंबऱ्या, इंग्रजीतल्या असोत की मराठी अनुवादातल्या, इकडच्या दुकानांत सहसा नसतात. मागवायच्या म्हटलं तर आठ-दहा दिवस वाट बघायची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीच्या यंत्रांत उन्नीस-बीसचाच फरक असतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. इंग्रजी वाचायला लई चांगलं. मराठीसाठी निम्मं काम आपणच करायचं. आणि आत कंपनीने जे पुस्तकांचं दुकान बसवलंय ते बंद केल्याशिवाय यंत्र वाचायला हातात घेऊ नये.

पडद्याबद्दल तक्रार नाही. भर उन्हात, लिंबाखाली बाजेवर बसलं की फोनचा पडदा काळा पडतो. हा मात्र कागदासारखा वागतो, उजेड वाढेल तसं अक्षर उठून दिसतं. रात्री लाइट गेली तर स्वतःचा मंद प्रकाश आहेच, तो पिवळसर करता आला तर डोळ्यांना बरं.

बॅटरीच्या जाहिरातीचं गणित मात्र समजून घ्या. ‘सहा आठवडे चालते’ याचा अर्थ रोज अर्धा तास, वायफाय बंद ठेवून. बेचाळीस दिवस गुणिले अर्धा तास, म्हणजे एकवीस तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला ती नऊ-दहा दिवस पुरते, स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचल्या तर सहा-सात दिवस. हेही वाईट नाही. लोडशेडिंगवाल्या गावात फोनपेक्षा कितीतरी बरं. फक्त ‘सहा आठवडे’ हा आकडा वाचून कोणी चार्जर घरी ठेवून प्रवासाला जाऊ नये.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये झाली. अशा यंत्रांची वापराची मर्यादा माहितीपत्रकात साधारण ३५ अंशांपर्यंतच दिलेली असते, आणि इथे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून वर. अशा उष्म्यात पान उलटल्यावर मागच्या पानाची पुसट सावली जास्त राहते. दर पानाला पडदा पूर्ण ताजा होण्याची सेटिंग चालू केली की ती कमी होते, बॅटरी थोडी जास्त जाते. दुपारी चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीला उष्णता आणि चार्जिंग एकत्र मानवत नाही, ती फुगू शकते. पहाटे लावा, अडीच तासांत काम होतं. गाडीच्या डिकीत किंवा एस.टी.च्या खिडकीशी उन्हात तर मुळीच ठेवू नका.

आता मराठी. इथे जरा थांबावं लागेल.

पहिली अडचण ‘ऱ्य’ची. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र अनेक ई-पुस्तकांत रफार होऊन ‘शेतकर्यांना’ असा छापून येतो. कारण असं की हा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना ते अदृश्य चिन्ह गळतं आणि रफार उगवतो. मग दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचा समुद्रवाला दर्या होतो. आचाऱ्यांना स्वयंपाकाला बोलावलेलं असतं आणि पुस्तकात येतात आचार्य. उपहासाच्या कादंबरीत असली चूक मुद्दाम केलीय की काय, असाही संशय येतो.

दुरुस्ती कॅलिबर या मोफत प्रणालीत होते. फाइल ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रचलित फाइल-प्रकार) असावी आणि तिला कुलूप, म्हणजे प्रत काढू न देणारं बंधन, नसावं. आधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. मग संपादन खिडकीत शोधा-आणि-बदला वापरून ‘शेतकर्य’, ‘दुसर्य’, ‘वार्याव’, ‘पुढार्य’, ‘बिचार्य’ असे शब्दांचे तुकडे एकेक करून बदला. सरसकट ‘र्य’चा ‘ऱ्य’ करू नका, नाहीतर सूर्य, कार्य, धैर्य सगळ्यांचा बट्ट्याबोळ होतो. तीनशे पानांच्या कादंबरीला तासभर लागतो.

दुसरी अडचण अक्षरवळणाची. यंत्रातला मूळचा देवनागरी टंक (फॉन्ट) बहुधा हिंदी वळणाचा, त्यामुळे ल आणि श डोळ्यांना खुपतात. फाइलच्या माहितीत भाषा ‘मराठी’ निवडली तर काही टंक आपोआप मराठी ल-श दाखवतात. ते जमलं नाही तर टिरो देवनागरी मराठी हा मोफत टंक उतरवून यंत्राच्या फॉन्ट्स या फोल्डरमध्ये टाका. त्यात वळण मुळातच मराठी आहे. टंक टाकल्यावर ज्ञ, क्ष, द्ध, ट्र, ऱ्य ही जोडाक्षरं एकदा तपासून घ्या.

दोन्ही बाजूंनी ओळ सरळ करण्याची सेटिंगही बंदच बरी. मराठी शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा हे यंत्राला कळत नाही, म्हणून लांब शब्द खालच्या ओळीत ढकलला जातो आणि वरच्या ओळीत दात पडल्यासारख्या फटी दिसतात.

पीडीएफची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली बरीच पुस्तकं मोफत पीडीएफमध्ये देतं, विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातही प्रताधिकार संपलेलं मराठी साहित्य आहे (भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी). विकिस्रोतावरून थेट ईपब मिळतं, ते उत्तम चालतं. स्कॅन केलेल्या पीडीएफला मात्र सहा इंच अपुरे पडतात. पडदा जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद आणि बारा उंच. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराचं अख्खं पान त्यात बसवलं, अगदी समास कापून बसवलं, तरी अक्षर मूळच्या सत्तर टक्क्यांवर येतं. त्यापेक्षा समास कापा आणि यंत्र आडवं धरा. एक पान तीन तुकड्यांत दिसेल, पण अक्षर छापील पुस्तकापेक्षाही मोठं. स्कॅनवरून मजकूर काढायचा असेल तर इंचाला तीनशे ठिपक्यांचं स्कॅन लागतं, तरी ध-घ, भ-म, ब-व यांची अदलाबदल आणि गळालेले अनुस्वार हाताने सुधारावे लागतात. श्री-लिपीसारख्या जुन्या टंकांतली फाइल असेल तर युनिकोड या आजच्या सर्वमान्य टंकपद्धतीत बदलल्याशिवाय यंत्रावर नुसता चिवडा दिसतो.

या जातीच्या कादंबऱ्यांची स्वतःची एक खोड असते. मध्येच खोट्या जाहिराती येतात, अर्जाचे नमुने, यंत्राची माहितीपत्रकं, घोषणांच्या पाट्या. छापील पानावर त्यांची मांडणी हाच अर्धा विनोद असतो. ई-रीडर ते सगळं एका अक्षरात, एका मापात घोटून टाकतो. चौकटी मोडतात, तक्ते दोन पानांत फाटतात. उलट तळटीपा इथे कागदापेक्षा चांगल्या. खुणेवर बोट ठेवलं की टीप तिथेच उघडते, वाक्याचा ओघ तुटत नाही. मात्र पुस्तक नीट बांधलेलं नसेल तर टीप थेट शेवटच्या प्रकरणात नेऊन सोडते आणि परतीची वाट शोधेपर्यंत विनोद थंड झालेला असतो. कथेत घडवलेले नवे शब्द इंग्रजी कोशात सापडत नाहीत, ते चालायचंच. पण इंग्रजी-मराठी कोश आधीपासून बसवलेला नाही, हे खटकतं.

आता दुकान. यंत्र उघडलं की आधी दिसतं विकायचं काय आहे ते, आपण काय वाचत होतो ते नंतर. वस्तूंची हाव हा विषय असलेली कादंबरी चाळीस पानं वाचली आणि खाली ‘हे वाचणाऱ्यांनी हेही घेतलं’ अशी ओळ हजर. हे बंद करायला पंधरा मिनिटं लागतात. विमान मोड कायम चालू ठेवा, फाइल तारेने टाका. दुकान दाखवणाऱ्या पहिल्या पडद्याऐवजी ग्रंथसंग्रहाचा पडदा उघडेल अशी सेटिंग असेल तर ती करा. पालक-नियंत्रणात जाऊन दुकानाला पिन लावा, म्हणजे पोराच्या एका बोटाने खरेदी होणार नाही. ‘पुस्तकं आपोआप अद्ययावत करा’ हा पर्याय बंद करा. महिन्याची वर्गणी घेतली असेल तर तिची मुदत संपताच पुस्तकं परत जातात, हे ध्यानात ठेवा. वर्गणी बंद करायचं बटण मुद्दाम आडवळणाला ठेवलेलं दिसलं तर लक्षात असू द्या की ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई आहे आणि वर्गणीचा सापळा त्यांतलाच एक. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कुठलं पान कधी वाचलं, कुठे सोडलं याची नोंद वायफाय चालू असताना कंपनीकडे जाते. ॲमेझॉनच्या वर्गणी योजनेत तर २०१५ पासून स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशोबाने पैसे मिळतात. कादंबरीत कोणी हे लिहिलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

त्याहून मोठा प्रकार जुलै २००९ चा. ॲमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून काही ई-पुस्तकं दुरूनच पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी होती, जिच्यात राजवटीला नको असलेले कागद एका भोकात टाकून जाळतात. एका विद्यार्थ्याने तिच्यावर काढलेल्या टिपा उरल्या, पण त्या कुठल्या ओळीवरच्या ते कळेना. २६ फेब्रुवारी २०२५ पासून त्याच कंपनीने विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात टाकायची सोयही काढून घेतली. कायद्याच्या भाषेत आपण पुस्तक घेतच नाही, वाचायचा परवाना घेतो.

मजकूर बदलायची जुनी रीत बघा. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आधीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, ते त्यांनी काढले आणि कधी, कोणी, काय केलं ते ओव्यांतच लिहून ठेवलं. आपोआप अद्ययावत होणाऱ्या ई-पुस्तकात कुठली ओळ बदलली हे वाचकाला कोणी सांगत नाही. म्हणून कुलूप नसलेलं ईपब विकणाऱ्या प्रकाशकाकडून घेता आलं तर तसंच घ्या, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

किरकोळ बाबी. चार्जिंगच्या भोकात धूळ बसते, त्याला रबरी झाकण असलेलं कव्हर घ्या. सुईने कोरू नका. यंत्र कुणाला विकायचं तर आधी खातं काढून टाका. मराठी पुस्तकाचा नमुना मोफत मिळत असेल तर पैसे देण्याआधी त्यात ‘ऱ्य’ शोधा, पाच मिनिटांत पुस्तकाची जात कळते.

आणि वाचून झालं की दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय असेल, तर त्या एका कादंबरीची छापील प्रतच घ्या. कुलूपबंद फाइल अंबाजोगाईच्या मित्राला देता येत नाही. यंत्रच पाठवावं लागतं, मग ते परत येईपर्यंत बसा फोनवर डोळे फोडत.