पातळ थर आणि दोन पाट्यांमधला प्रवाह: शेल बॅलन्स, नेव्हिअर-स्टोक्स की ल्युब्रिकेशन?

तेल मिलमध्ये उतरत्या पत्र्यावरून सरकीचं तेल ओघळतं, मोटरच्या बेअरिंगात शाफ्टभोवती ऑइलचा थर फिरतो, जळगावच्या एमआयडीसीत पाइपला आकार देणाऱ्या डायमधून वितळलेलं पीव्हीसी दाबानं बाहेर येतं. तिन्ही गणितं एकाच घराण्यातली आहेत, पण तिन्हींना एकच रीत लावत बसलं की कुठेतरी फसतं. जळगाव, धुळे, शिरपूरकडे मेकॅनिकल किंवा केमिकल शिकणाऱ्याला आणि शॉपवर हिशेब मांडणाऱ्यालाही आधी एवढंच ठरवायचं असतं की कोणत्या रीतीनं सुरुवात करायची.

आधी शेल बॅलन्स. पत्र्याला समांतर असा तेलाचा एक बारीक काप कल्पायचा आणि त्यावरची बळं मांडायची: वरच्या पृष्ठावरचा शेअर (थर एकमेकांवर घसरताना दर चौरस मीटरला लागणारं बळ), खालच्या पृष्ठावरचा शेअर आणि वजनाचा उताराच्या दिशेचा भाग. प्रवाह स्थिर आहे, वेग पुढे वाढत नाही, म्हणून बेरीज शून्य. यातून निघणारी गोष्ट फार सरळ आहे. थरातल्या कोणत्याही पातळीवरचा शेअर म्हणजे त्या पातळीच्या वर जेवढं तेल आहे त्याच्या वजनाचा उताराकडचा भाग. मोकळ्या पृष्ठावर वर तेलच नाही, म्हणून शेअर शून्य. पत्र्यापाशी सर्वांत जास्त.

आकडे घालून पाहा. उतार आडव्या रेषेपासून ३० अंश, थर १ मिमी, तेलाची घनता ९१० किलो प्रति घनमीटर, श्यानता (द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध) ०.०५ पास्कल-सेकंद. पत्र्यावरचा शेअर ९१० × ९.८१ × ०.५ × ०.००१, म्हणजे सुमारे ४.५ पास्कल. सरासरी वेग = घनता × गुरुत्व × साइन × जाडीचा वर्ग ÷ (३ × श्यानता), म्हणजे सेकंदाला जवळपास ३ सेंमी. पृष्ठावरचा वेग याच्या दीडपट, साडेचार सेंमी. एक मीटर रुंदीच्या पत्र्यावरून मिनिटाला १.८ लिटर तेल उतरतं. प्रवाह शांत राहील की खळबळेल ते सांगणारा रेनॉल्ड्स अंक (४ × घनता × सरासरी वेग × जाडी ÷ श्यानता) येतो २.२. साधारण २० च्या आत थर गुळगुळीत राहतो, त्यामुळे उत्तर भरवशाचं.

आता त्याच पत्र्यावर त्याच जाडीचा पाण्याचा थर घ्या. सूत्र सेकंदाला १.६ मीटर वेग देतं आणि रेनॉल्ड्स अंक साडेसहा हजारांवर जातो. १५०० च्या पुढे थर खळबळता असतो, म्हणजे तो १.६ मीटरचा वेग कागदावरच राहिला. सूत्र स्वतःहून कधी ओरडत नाही, म्हणून उत्तर आल्यावर रेनॉल्ड्स काढल्याशिवाय वही मिटायची नाही. हे सगळ्याच रीतींना लागू आहे.

दुसरी रीत नेव्हिअर-स्टोक्सची काटछाट. श्यान द्रवाच्या गतीचं हे पूर्ण समीकरण लिहायचं आणि एकेक पद कारण देऊन खोडायचं: स्थिर म्हणून काळाचं पद गेलं, प्रवाह पूर्ण विकसित (वेगाची वाटणी पुढे बदलत नाही) म्हणून आणि पाट्यांना छेद देणारा वेग नाही म्हणून संवहनाची (द्रव वाहताना सोबत नेणाऱ्या संवेगाची) पदं गेली. समांतर पाट्यांत ही पदं अंदाजानं सोडलेली नसतात, ती खरोखर शून्य असतात. उत्तरपत्रिकेत हे एक वाक्य जरूर लिहावं. उरतं ते एवढंच: श्यानता × वेगाचा दुसरा अवकलज = दाबाचा उतार वजा वजनाचा भाग.

पेपरला आणि पाटी सरकती असताना हीच रीत घ्यावी. समीकरण रेषीय असल्यानं सरकत्या पाटीचं उत्तर आणि दाबाचं उत्तर वेगवेगळं काढून बेरीज करता येते. फट १ मिमी, तेल वरचंच, वरची पाटी सेकंदाला १० सेंमीनं पुढे, आणि दाब पुढे वाढत जाणारा. मीटरला १०,००० पास्कलच्या पुढे गेलात की खालच्या पाटीजवळचं तेल उलटं वाहू लागतं. ३०,००० ला पुढे जाणारं आणि मागे येणारं सारखं होऊन निव्वळ प्रवाह शून्य. काप मांडूनही हे येतं, पण चिन्हांत गोंधळ उडण्याची शक्यता जास्त.

गोंधळ कुठे उडतो ते नेमकं सांगता येतं. काही पुस्तकांत शेअर ऋण चिन्हानं लिहितात, काहींत धन; दोन पुस्तकं समोर उघडी ठेवून गणित सोडवू नये. पूर्ण फट धरली तर प्रवाहाच्या सूत्रात फटीचा घन भागिले १२ येतो, अर्धी फट धरली तर अर्ध्या फटीच्या घनाची दोन-तृतीयांश पट. दोन्ही बरोबर, पण मिसळली की उत्तर आठपटीनं चुकतं. कोन उभ्या रेषेपासून दिला असेल तर साइनऐवजी कोसाइन. आणि मोकळ्या थरात दाबाचा उतार ठेवायचा नाही, कारण पृष्ठावर सगळीकडे वातावरणाचाच दाब असतो.

मग शेल बॅलन्स कशाला शिकायचं? डायसाठी. वितळलेलं पीव्हीसी न्यूटनचा नियम (शेअर = श्यानता × वेगाचा उतार) पाळत नाही, त्यामुळे स्थिर श्यानता धरलेली ती काटछाट तिथे चालतच नाही. शेअरची वाटणी मात्र द्रव कोणताही असो तीच राहते: मध्यावर शून्य, भिंतीकडे सरळ रेषेत वाढत जाणारी. शेवटी फक्त द्रवाचा नियम बदलायचा. घातांकी नियमात (शेअर वेगाच्या उताराच्या एका ठरावीक घातानं बदलतो) घातांक ०.४ असेल, तर त्याच दाबाला प्रवाह फटीच्या साडेचार घातानं बदलतो. साध्या तेलात फट १० टक्के वाढली तर प्रवाह ३३ टक्के वाढतो, इथे ५४ टक्के. डायची फट एका बाजूला जरा मोठी राहिली की पाइपची भिंत तिथे जाड का येते, ते या एका आकड्यात आहे.

पाइपची डाय किंवा बेअरिंग गोल असते, तरी फट त्रिज्येच्या मानानं लहान असेल तर ती उलगडून सपाट पाट्या मानता येते. शाफ्टचा व्यास ५० मिमी, त्रिज्येतली फट ०.०५ मिमी, लांबी ६० मिमी, मिनिटाला १४४० फेरे, ऑइल ०.०३ पास्कल-सेकंद: घर्षणात सुमारे ८० वॅट जातात आणि सपाट धरल्यानं चूक ०.३ टक्के. हीच फट ५ मिमी केली तर खरा टॉर्क सपाट हिशेबापेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघतो. फट त्रिज्येच्या दोन टक्क्यांपर्यंत असेल तर बिनधास्त सपाट धरा.

तिसरी रीत ल्युब्रिकेशनची, फट हळूहळू बदलत असेल तेव्हाची. १८८३ साली ब्यूचॅम्प टॉवरनं चालत्या बेअरिंगच्या तेलाच्या भोकाला बूच मारलं, तर तेलानं ते बाहेर ढकललं. त्या दाबाचा उलगडा ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८६ मध्ये केला: प्रत्येक जागी फट समांतर समजून प्रवाह लिहायचा, आणि सगळीकडे एकूण प्रवाह सारखा राहायला हवा या अटीवरून दाब काढायचा. दोन अटी सांभाळाव्या लागतात. फट लांबीच्या मानानं फार लहान हवी, आणि रेनॉल्ड्स अंकाला त्या गुणोत्तरानं (फट ÷ लांबी) गुणल्यावरही संख्या एकपेक्षा बरीच कमी हवी. भार पेलायचा प्रश्न असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण तंतोतंत समांतर फटीत पाटी नुसती सरकवून दाब तयार होत नाही, आणि पहिल्या दोन्ही रीती त्या बेअरिंगला शून्य भार देतील.

श्यानता कोणत्या तापमानाची घेतली, हे कोणत्याही रीतीत विसरायचं नाही. खाद्यतेलाची २० अंशांची श्यानता ४० अंशांना जवळपास निम्मी होते. टेबलातला २० अंशांचा आकडा भुसावळच्या मे महिन्यातल्या शेडला लावलात, तर पत्र्यावरून प्रत्यक्षात हिशेबाच्या दुप्पट तेल उतरेल.