हिरे, ऊस, शिलाई आणि भात: चार देशांच्या चार वाटा

मागास प्रदेशाच्या विकासावर चर्चा सुरू झाली की कुणीतरी एक देश पुढे करतं. खाणवाला बोट्स्वानाचं नाव घेतो, पर्यटनवाला मॉरिशसचं, कारखान्यांवर भिस्त असलेला बांगलादेशचं नाहीतर व्हिएतनामचं. जिल्ह्याच्या आराखड्यावर काम करणारे, राज्याच्या धोरणावर लिहिणारे, किंवा फक्त कुणाच्या आश्वासनावर विश्वास ठेवावा हे ठरवणारे अशा सगळ्यांसाठी हे चार देश इथे शेजारी शेजारी ठेवले आहेत. वाढीच्या दराचे आकडे मुद्दाम मागे ठेवले आहेत. या यशात नशिबाचा वाटा किती आणि त्यांनी स्वतः केलेल्या नियमांचा किती, हे मला जास्त कामाचं वाटतं. नशिबाची नक्कल करता येत नाही.

बोट्स्वाना 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा देशभरात मिळून डांबरी रस्ता होता सुमारे 12 किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. इथवर नशीब. पण त्याच 1967 साली सरकारने कायदा करून जमातींकडचे खनिज हक्क देशाकडे घेतले. ओरापा ज्या बामांग्वाटो जमातीच्या मुलखात येतं, त्या जमातीच्या प्रमुखपदाचे वारस खुद्द राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा होते. म्हणजे सोडून दिलेलं घबाड आपल्याच माणसांचं होतं. नंतर डी बिअर्स या हिरे कंपनीशी पुन्हा बोलणी करून खाण कंपनीतला सरकारचा हिस्सा निम्म्यावर नेला. 1994 मध्ये शिलकी उत्पन्नासाठी पुला फंड उभा केला. आणि एक साधा हिशेबी नियम ठेवला: खनिजातून आलेला पैसा गुंतवणुकीवरच जावा, रोजचा सरकारी खर्च इतर करांतून निघावा. शिक्षण आणि आरोग्यावरचा चालू खर्चही त्यांनी गुंतवणुकीतच धरला. यावर अर्थशास्त्रज्ञ वाद घालतील, मला तो शहाणपणाचा वाटतो.

मग कमी कुठे पडलं? हिऱ्याच्या खाणीला माणसं फार लागत नाहीत. तिजोरी भरली, तरी बेरोजगारी हटली नाही आणि विषमता जगातल्या सर्वांत तीव्र विषमतांपैकी एक राहिली. कच्च्या हिऱ्यांची विक्री 2013 मध्ये लंडनहून राजधानी गाबोरोनला आली, पैलू पाडण्याचे थोडे कारखानेही आले. पण तोवर प्रयोगशाळेत बनणारा हिरा बाजारात उतरत होता. त्याच्या मोठ्या उत्पादकांत आपलं सुरत आहे, हा योगायोग गंमतीचा. 2024 मध्ये देशाची अर्थव्यवस्था आकसली आणि त्याच वर्षी स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला.

मॉरिशसकडे खाली काही नव्हतं, वर फक्त ऊस होता. 1961 च्या सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचा अभ्यास करून निराशेचं चित्र रंगवलं: लोकसंख्या वाढती, पीक एकच, वांशिक गट अनेक. मीड यांना पुढे नोबेल मिळालं, बेटाने मात्र त्यांचं भाकीत खोटं पाडलं. 1970 मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. इथे ‘क्षेत्र’ म्हणजे कुंपण घातलेली जागा नव्हे. बेटावर कुठेही कारखाना काढा, माल निर्यात करा, सवलत घ्या. कपड्यांचे कारखाने आले आणि त्यांत मुख्यतः बायका कामाला लागल्या. बाकी देशातल्या कामगार कायद्यांपेक्षा तिथले नियम सैल होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मॉरिशसची खरी लॉटरी साखर करार ही होती. 1975 पासून युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेई आणि हा भाव बहुतेक काळ जागतिक बाजाराच्या बराच वर असे. पण इथेही त्या पैशाचं काय केलं हे पाहा. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर लावला, 1977 मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत केलं, आणि मळेवाल्यांनी आपला नफा कपड्यांच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातला. त्यामुळे 2005 मध्ये कापडाचे कोटे, म्हणजे श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर घातलेल्या मर्यादा, संपले आणि 2009 मध्ये साखर करारही गेला, तेव्हा बेट हादरलं पण कोसळलं नाही. तोवर पर्यटन आणि वित्तसेवा उभ्या होत्या. वित्तसेवांचा मोठा आधार भारताबरोबरचा कर करार होता, त्याने मॉरिशसमार्गे भारतात येणाऱ्या पैशावरचा कर वाचे. 2016 मध्ये भारताने तो बदलून घेतला, तेव्हा तोही आधार पातळ झाला. कोकणातून गिरमिटावर गेलेल्यांचे वंशज आज त्या बेटावर आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याकडे मॉरिशस म्हटलं की एवढंच आठवतं. त्यांच्या अर्थखात्याकडे कुणी बघत नाही.

बांगलादेशची गोष्ट सर्वांत जास्त सांगितली जाते आणि सर्वांत अर्धवट. ‘स्वस्त मजूर होते, म्हणून कपडे शिवले’ असं ऐकू येतं. स्वस्त मजूर तर बिहारमध्येही होते. 1970 च्या दशकात श्रीमंत देशांनी कपड्यांवर कोटे लावले, कोरियाच्या कंपन्या अडल्या, त्यांना कोटा न लागलेला देश हवा होता. कोरियाच्या देवूने चितगावच्या देश गार्मेंट्सशी करार केला आणि 1979 मध्ये सुमारे 130 जणांना बुसानला नेऊन शिकवलं. त्यांतले बहुतेक पुढे देश गार्मेंट्स सोडून गेले आणि कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा चालवला. मालकाला ते लागलं असेल, देशाला मात्र उद्योग मिळाला.

त्याहून महत्त्वाच्या दोन कागदी सोयी. पहिली बॅक टू बॅक एलसी: परदेशी ग्राहकाचं पतपत्र, म्हणजे त्याच्या बँकेची पैसे देण्याची हमी, दाखवा, त्याच्या आधारावर बँक कापड आयातीचं पतपत्र उघडून देते. खिशात भांडवल नसलेला माणूसही कारखानदार होऊ शकला. दुसरी बाँडेड गोदाम: निर्यातीसाठी आणलेलं कापड शुल्क न भरता आत ठेवता येतं. या दोन गोष्टींवर लाखो शिलाई मशिनं चालली.

किंमतही मोजावी लागली. 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेली. निर्यातीचा चार पंचमांशाहून जास्त भाग आजही कपड्यांचाच आहे. कराचं उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्याही खाली राहिलं, म्हणजे मॉरिशसने उसावर जे केलं ते बांगलादेशला कपड्यांवर जमलं नाही. गरीब देशांच्या यादीतून बाहेर पडल्यावर युरोपातली शुल्कमाफीही कायमची राहणार नाही.

व्हिएतनामबद्दल बोलताना सगळे सॅमसंगपासून सुरुवात करतात. सुरुवात शेतापासून आहे. 1986 मध्ये ‘दोई मोई’ हे आर्थिक सुधारणांचं धोरण जाहीर झालं तेव्हा महागाई शेकड्यांच्या टक्क्यांत होती आणि भात आयात करावा लागत होता. 1988 मध्ये सामूहिक शेती मोडून जमीन कसण्यासाठी कुटुंबांकडे दिली. वर्षभरात देश तांदळाचा मोठा निर्यातदार झाला. 1993 च्या कायद्याने जमीन विकायचा, गहाण ठेवायचा, वारशाने द्यायचा हक्क मिळाला, मालकी नावापुरती सरकारची राहिली. पोट भरलं, गावात पैसा खेळला, मुलं शिकली आणि मग कारखाने आले. सॅमसंगचा बाक निन्हचा कारखाना सामूहिक शेती मोडल्यावर सुमारे वीस वर्षांनी उभा राहिला. दुबळी बाजू ही की निर्यातीतला मोठा हिस्सा परदेशी कंपन्यांचा आहे, स्थानिक पुरवठादार कमी. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने व्हिएतनामच्या मालावर 46 टक्के आयात शुल्क जाहीर केलं. वाटाघाटींनंतर ते 20 वर आलं, पण हा निर्णय हनोईत होत नव्हता.

आता निवडायचं कसं? कापडाचे कोटे आणि साखर करार ही दारं बंद झाली आहेत. ती आता कुणालाच मिळणार नाहीत. शिवाय तुमचा प्रदेश जर भारतातलं एखादं राज्य किंवा जिल्हा असेल, तर आयात शुल्क आणि पतपत्राचे नियम तुमच्या हातात नाहीत. ते दिल्ली आणि रिझर्व्ह बँक ठरवतात. म्हणून बांगलादेशचं उदाहरण देणाऱ्या स्थानिक पुढाऱ्याला विचारा, यातलं नक्की काय तुम्ही करणार?

खाण असेल तर बोट्स्वानाचा हिशेबी नियम घ्या, त्याची अर्थव्यवस्था नको. गोव्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतला 10 टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायला लावला, म्हणजे या दिशेचं एक पाऊल आपल्याकडे आहे. गडचिरोलीसारख्या ठिकाणी 2015 च्या कायद्याप्रमाणे जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं, खाणवाल्यांकडून आलेला पैसा खाणीची झळ बसलेल्या भागावर खर्च करणारं. तिथला पैसा सभागृहं आणि कमानींवर जातो की शाळा-दवाखान्यांवर, हे यादी मागवून तपासता येतं. किनारा आणि पाहुणे असतील तर मॉरिशस बघा, पण हॉटेलं मोजू नका, हॉटेलाच्या नफ्यावरचा कर कुठे गेला ते मोजा.

आणि बहुतेक माणसं शेतात असतील, तर माझं मत सरळ व्हिएतनामकडे झुकतं, तेही कारखान्यांआधीच्या व्हिएतनामकडे. सातबारा साफ करणं, कसणाऱ्याचं नाव कागदावर येणं, त्या कागदावर बँकेने कर्ज देणं, पाण्याची सोय. या कामांचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ती आराखड्यात शेवटच्या पानावर असतात. आराखडा हातात आला की ते पान आधी उघडा.