नव्या म्हणून विकलेल्या जुन्या हार्ड डिस्क: घरगुती स्टोरेज सर्व्हर उभारताना झालेली फसवणूक

घरातील फोटो, आई-वडिलांच्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती आणि मुलांच्या लहानपणीचे व्हिडिओ एकाच ठिकाणी सुरक्षित राहावेत, म्हणून मी जुन्या संगणकावर घरगुती स्टोरेज सर्व्हर, म्हणजेच नॅस, उभारला. त्यासाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘ब्रँड न्यू, सीलबंद’ म्हणून घेतलेल्या ८ टीबीच्या तिन्ही हार्ड डिस्क प्रत्यक्षात काही वर्षे अहोरात्र चालवून मोडीत काढलेल्या निघाल्या. त्यांच्यातील वापराची नोंद पुसून जवळजवळ शून्यावर आणलेली होती. असा सर्व्हर करू पाहणाऱ्या कोणाच्याही पदरी हेच पडू शकते, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

जुन्या हार्डवेअरविषयी माझी मुळीच तक्रार नाही. सर्व्हरसाठीचा संगणक मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतला. एका कार्यालयातून निघालेला, चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि १६ जीबी डीडीआर३ रॅम असलेला तो डेस्कटॉप दुकानदाराने सेकंडहँड म्हणूनच दाखवला, बिलावर तसे लिहून दिले आणि समोर चालू करून दिला. घरच्या चार-पाच माणसांच्या फायली सांभाळायला एवढा संगणक पुरून उरतो. शिवाय ट्रूनॅससारख्या नॅस चालवणाऱ्या प्रणालीत झेडएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतीने मांडलेला डिस्कचा संच विशिष्ट संगणकाला बांधलेला नसतो; उद्या मदरबोर्ड जळला तरी त्याच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून सगळी माहिती उघडता येते. फक्त एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, मी नवा घेतला आणि तेवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी. डिस्कची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण माहिती तिच्यातच असते.

डिस्क आल्या तेव्हा संशय यावा असे काहीही नव्हते. स्थितिक विजेपासून वाचवणारी चंदेरी पाकिटे कडेने नीट सील केलेली होती, आत ओलावा शोषणारी पुडी होती आणि लेबले कोरी करकरीत होती. सर्व्हरला जोडल्यावर मी स्मार्ट नोंदी पाहिल्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी जी माहिती ठेवते ती. चालू राहिल्याचे तास एक आकडी होते आणि बदललेले सेक्टर, म्हणजे खराब झाल्याने वगळलेले डिस्कवरील छोटे भाग, शून्य होते. नव्या डिस्कची नोंद अशीच असते. त्यानंतर तिन्ही डिस्क मिळून एक संच केला आणि घरातील माहिती त्यावर चढवायला सुरुवात केली.

काही आठवड्यांनी झेडएफएसच्या स्क्रब तपासणीत, म्हणजे साठवलेला प्रत्येक भाग वाचून पडताळण्याच्या कामात, एका डिस्कवर चेकसमच्या चुका दिसल्या, म्हणजे वाचलेली माहिती तिच्या पडताळणीच्या आकड्याशी जुळेना. केबल बदलून पाहिली, पण चुका तिथेच राहिल्या. मग वाचता न येणारे सेक्टर वाढू लागले. इतक्या कोऱ्या डिस्कला हे का व्हावे, याचा शोध घेताना फार्म नोंदीविषयी समजले. सीगेट या कंपनीच्या अलीकडच्या डिस्क, माझ्याही त्याच होत्या, नेहमीच्या स्मार्ट नोंदींखेरीज आणखी एक सविस्तर नोंद ठेवतात, तिला फार्म म्हणतात. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनसंचाच्या ७.४ किंवा त्यापुढील आवृत्तीने ती वाचता येते. माझ्या त्या डिस्कच्या फार्म नोंदीत चालू राहिल्याचे तास ३१ हजारांहून अधिक होते. वर्षाचे तास ८,७६० असतात हे लक्षात घेतले, तर ती डिस्क माझ्याकडे येण्यापूर्वी सुमारे साडेतीन वर्षे अखंड फिरत होती. उरलेल्या दोन डिस्कचे आकडेही त्याच्या अगदी जवळचे होते. जुन्या गाडीचे मीटर मागे फिरवून ती विकावी, तसा हा उघड लबाडीचा व्यवहार होता.

हा प्रकार माझ्यापुरता नाही. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतील हाइझे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने सीगेटच्या डेटा सेंटरसाठीच्या वापरलेल्या डिस्क नोंदी पुसून नव्या म्हणून विकल्या जात असल्याचे उघडकीस आणले. त्यांतील बऱ्याच डिस्क चिया या आभासी चलनाच्या कामातून निघाल्या असाव्यात, असा संशय व्यक्त झाला. चियाचे जाळे २०२१ मध्ये सुरू झाले आणि ते चलन मिळवण्यासाठी डिस्कवरील जागाच गुंतवावी लागत असल्याने त्या काळात मोठ्या डिस्कची प्रचंड खरेदी झाली. पुढे त्या धंद्यात फायदा उरला नाही आणि त्या डिस्क बाजारात उतरल्या. वापरलेली डिस्क वापरलेली म्हणून, योग्य किमतीला विकणे हा सचोटीचा व्यवसाय आहे आणि कित्येक जण तो करतातही. तिचे वय लपवणे ही शुद्ध फसवणूक आहे.

पैशांच्या नुकसानीपेक्षा मला जास्त चीड आली ती एका वेगळ्या कारणाने. तीन डिस्कच्या संचात एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते, हा सगळा हिशोब डिस्क वेगवेगळ्या वेळी बिघडतील या भरवशावर उभा असतो. एकाच ठिकाणी, एकाच तापमानात, सारखेच तास राबवलेल्या डिस्क जवळपास एकाच सुमारास थकण्याची भीती असते. त्यातच बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की तिच्यावर माहिती पुन्हा लिहिण्यासाठी उरलेल्या दोन्ही डिस्क सलग वाचाव्या लागतात. ८ टीबीची डिस्क पूर्ण भरलेली असेल, तर सेकंदाला २०० एमबीच्या चांगल्या वेगानेही या कामाला ११ तास लागतात. थकलेल्या डिस्कवर सर्वांत मोठा ताण नेमका तेव्हा येतो आणि तेव्हाच दुसरी गेली, तर सगळेच जाते. माझ्या माहितीच्या मूळ प्रती बाहेरच्या डिस्कवर शाबूत होत्या, म्हणून काही गमावले नाही. पण नॅस आहे म्हणून मूळ प्रती पुसून टाकणारी किती तरी घरे असतील आणि त्यांच्या आठवणींची या विक्रेत्यांना काहीच किंमत नाही.

विक्रेत्याला फार्म नोंदीची चित्रे पाठवली तेव्हा उत्तर आले, “सर, माल डायरेक्ट इम्पोर्टचा आहे, आम्ही पाकीट उघडतसुद्धा नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी प्रॉब्लेम असेल.” परत घेण्याची मुदत तोवर उलटलेली होती. उत्पादकाच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकला, तर ती डिस्क ग्राहकाला थेट विकण्यासाठीची नसून तिच्यावर मला वॉरंटी मिळणार नाही असे उत्तर मिळाले. ‘पाच वर्षांची वॉरंटी’ ही जाहिरातीतील ओळ अशा रीतीने निराधार ठरली. बिलावर तर सीरियल नंबरच छापलेले नव्हते.

म्हणून डिस्क हातात येताच, परत करण्याची मुदत चालू असतानाच सर्व तपासावे. पाकीट उघडण्यापासूनचा सलग व्हिडिओ काढावा. स्क्रूच्या भोकांकडे प्रकाश तिरपा पाडून पाहावे. माझ्या डिस्कच्या भोकांच्या कडेला रंग खरवडून धातूची बारीक कडी उघडी पडली होती आणि केबल जोडण्याच्या साटा जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर उभे ओरखडे होते. कधीच न बसवलेल्या डिस्कवर अशा खुणा असत नाहीत. लेबलावरचा सीरियल नंबर आणि डिस्क स्वतः सांगते तो नंबर जुळतो का, वॉरंटी खरोखर शिल्लक आहे का आणि सीगेटची डिस्क असल्यास स्मार्ट व फार्म नोंदींतील तास मेळ खातात का, हे पाहावे. यांतील एकाच खुणेवर विसंबू नये, कारण जो एक नोंद पुसू शकतो तो दुसरीही पुसण्याचा प्रयत्न करील. तपासणी पूर्ण होईपर्यंत घरची माहिती त्या डिस्कवर चढवू नये आणि सीरियल नंबर नसलेले बिल स्वीकारू नये.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेवढ्याने काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क पडत नाही. मी १९१५ वर तक्रार नोंदवताना जाहिरातीचे चित्र, बिल, फार्म नोंदी, स्क्रूच्या भोकांचे फोटो आणि विक्रेत्याचे ते उत्तर असे सगळे जोडले. त्यानंतर विक्रेत्याने निम्मी रक्कम देऊन प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली. ती मी नाकारली असून पूर्ण रकमेसाठी जिल्हा आयोगाकडे जाण्याची तयारी करत आहे.