विंड टनेल की ओपनफोम: एमएसच्या अर्जाआधी प्रोजेक्ट निवडताना

मेकॅनिकलचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) बाइंडिंगला जाते एप्रिल-मेमध्ये. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत मात्र डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते. म्हणजे एसओपीत (अर्जासोबतच्या ‘मला हे का शिकायचंय’ या निबंधात) लिहिण्याजोगं काम जेमतेम चार महिन्यांचं. ‘नोव्हेंबरअखेर हातात एक भरवशाचा आलेख असेल का?’ एवढ्याच कसोटीवर दोन्ही वाटा तपासून पाहू: विंड टनेलमधला प्रत्यक्ष प्रयोग, की ओपनफोम या सॉफ्टवेअरवर संगणकात केलेलं प्रवाहाचं गणित. विषय एकच: गोल दांड्यावरून वाहणारा वारा.

टनेल. २० मिमी व्यासाचा दांडा, त्याला १ मिमीचं एकच भोक, वारा १० मी./से. दांडा १०-१० अंशांनी फिरवत ० ते १८० अंशांपर्यंत १९ वाचनं घ्यायची आणि दाबावरून ड्रॅग (वारा दांड्याला जितक्या जोराने मागे ढकलतो ते बल) काढायचा. खर्च किरकोळ. घोळ होतो तो मॅनोमीटरपाशी, म्हणजे दाब मोजणाऱ्या पाण्याच्या नळीपाशी. या वेगाला गतिज दाब (वाऱ्याच्या वेगामुळे येणारा दाब) सुमारे ६० पास्कल, म्हणजे पाण्याचा अवघा ६ मिमी स्तंभ. उभ्या, यू आकाराच्या नळीवर १ मिमी चुकलात की १६ टक्के चूक झालीच. नळी आडवीपासून ६ अंशांवर कलती ठेवली तर तेच वाचन जवळपास दहापट लांबतं. भोकाच्या काठावर बर (ड्रिलने उरलेली धातूची खरखरीत कडा) राहिली किंवा रबरी नळी गळत असली, तरी आकडे भरकटतात. ड्रॅग गुणांक (वेग आणि आकार यांच्या हिशोबाने काढलेला ड्रॅगचा आकडा) १.२ च्या आसपास यायला हवा. ३०० मिमी रुंदीच्या टनेलमध्ये दांडाच जवळजवळ ७ टक्के वाट अडवतो, त्यामुळे दुरुस्ती न करता तो थोडा जास्तच दिसेल. ही दुरुस्ती का केली हे ज्याला सांगता येतं, त्याच्या एसओपीला वजन येतं.

ओपनफोम. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं, सबमिशनच्या धामधुमीतही रात्री रन लावून झोपता येतं. पण टनेलमधलाच रेनॉल्ड्स अंक (वेग, व्यास आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा; इथे सुमारे १३,०००) द्विमितीत चालवायचा मोह टाळा. साधारण १९० च्या पुढे दांड्यामागचा प्रवाह त्रिमितीय होतो, त्यामुळे द्विमितीतला ड्रॅग फुगून येतो. १०० वर चालवा. स्ट्रौहाल अंक (दांड्यामागे भोवरे किती वेळा सुटतात याचा आकडा) ०.१६५ च्या जवळ आला पाहिजे. तीन मेश (गणितासाठी जागेचे पाडलेले बारीक चौकोन) घ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा निदान १.३ पट बारीक. डोमेन (दांड्याभोवतीची गणितात धरलेली जागा) अरुंद ठेवलंत तर टनेलमधली अडवणुकीची चूक इथेही होते. मेश बदलल्यावर उत्तर किती हललं हे न दाखवता नुसती रंगीत चित्रं लावलेले प्रोजेक्ट ढिगाने असतात.

टनेल जुलैतच अर्धा तास चालवून बघा. वेग स्थिर राहत असेल आणि लॅब असिस्टंट परीक्षेच्या दिवसांतही किल्ली देणार असतील, तर आमचं मत टनेलला. पट्टा घसरतोय, मोटर ‘रिपेअरला’ गेलीय, असं काही असेल तर वाट बघू नका, लॅपटॉप उघडा.

चौघांच्या गटात वाचनं कोणी घेतली आणि कोड कोणी लिहिला, याची तारीखवार नोंद ठेवा. ऑक्टोबरमध्ये गाईडकडे शिफारसपत्र मागायला जाल तेव्हा ती वही आणि एका पानाचा आलेख सोबत न्या. नाहीतर चौघांनाही एकाच मजकुराचं पत्र मिळतं.